थोर इंग्रज खिळेजुळारी

१९९६ साल. माझं वय सत्तेचाळीस, शाळेच्या दाखल्यावर. खरं वय आमच्या मेंढरांना ठाऊक होतं, आणि ती केव्हाच खाटकाकडं गेली.

बिदर जिल्ह्यातल्या चिटगुप्प्याच्या बाजारात, मशिदीकडं वळताना डाव्या हाताला एक छापखाना होता. आता तिथं मोबाईलचं दुकान आहे. त्या छापखान्यात मी सव्वीस वर्षं खिळे जुळवले. आजच्या पोरांना खिळा म्हटलं की लाकडात ठोकायचाच आठवतो, म्हणून आधी समजावून सांगतो. आमचा खिळा म्हणजे शिशाचा बोटाएवढा दांडा, त्याच्या टोकाला एक अक्षर, तेही उलटं. समोर तिरपी ठेवलेली लाकडी पेटी, तिला केस म्हणायचं. तिच्यात शेदीडशे खण. ‘क’चं घर वेगळं, अर्ध्या ‘क’चं वेगळं, काना वेगळा, मात्रा वेगळी, रफार तर कोपऱ्यात एकटाच, सासूसारखा. डाव्या हातात एक लोखंडी पट्टी धरायची, ती स्टिक. उजव्या हातानं एकेक खिळा उचलून तिच्यात उभा करायचा. ओळ झाली की दुसरी ओळ. पान झालं की दोरीनं बांधायचं, तो फर्मा. मग त्याला शाई लागणार, त्यावर कागद बसणार आणि मग तुम्ही वाचणार, ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’.

हे सगळं उलटं वाचत करायचं. मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो, तिसरीही निम्मीच. बाप निर्ण्याच्या माळावर मेंढरं वळायचा, त्याला एक गडी कमी पडला की मास्तरांना एक पोरगं कमी पडायचं. अक्षरं मी खरी शिकलो ती छापखान्यात, बाराव्या वर्षी झाडू मारायला लागलो तेव्हा. आणि शिकलो ती उलटीच. अजून भिंतीवरची सरळ पाटी वाचताना मी क्षणभर थांबतो. लोकांना वाटतं म्हाताऱ्याची नजर गेली. नजर जागेवर आहे, पाटीच उलटी आहे.

हे काम करणाऱ्याला शहाणी माणसं जुळारी म्हणतात, खिळेजुळारी म्हणतात. आमच्या तोंडात मात्र शब्द एकच, कंपोझर. हजेरीच्या वहीत इंग्रजीत तेच, बायको शेजारणीला सांगायची तेही तेच, “आमचे हे कंपोझर हायेत.” पुढचं सगळं रामायण ह्या एका शब्दानं घडवलं, म्हणून तो ध्यानात ठेवा.

गिऱ्हाइकांचे मासले सांगायला बसलो तर दिवाळी संपेल. एकदा एका लग्नाच्या कार्डात दोन्हीकडचे पाटील. मुलीकडचे पाटील, मुलाकडचे पाटील, मामा पाटील, आत्याचे मालक पाटील. नावं एकतीस. आणि त्या मापाच्या टाइपात आमच्याकडं ‘ट’ होते तेवीस. तेवीस पाटील पुरे केले, उरलेल्यांची नुसती नावं टाकली आणि खाली लिहिलं, ‘आडनाव वरीलप्रमाणे’. चोविसावा पाटील काठी घेऊन छापखान्यात आला.

“माझं पाटीलपण वरीलप्रमाणं व्हय रे?”

म्या म्हणलं, “मालक, गावात पाटील वाढले, शिसं तेवढंच हाय. कामून चिडायलाव?”

दुसरा एक होता. त्याचं भावाशी शेताच्या बांधावरून वाजलेलं. पोराच्या लग्नाच्या कार्डात भावाचं नाव टाकलं नाही तर लोक नावं ठेवणार, म्हणून टाकायचं. पण नावाच्या आधी ‘कै.’ लाव म्हणाला. जिता भाऊ पलीकडच्या दुकानात चहा पीत बसलेला. म्या सांगितलं, मेल्याचा दाखला दाखवल्याशिवाय कै. लावत न्हाई, सरकारी नियम हाय. नियम कसला, मीच केलेला. पण माझ्या हातनं सव्वीस वर्षांत एक चूक गेली नव्हती, आणि जित्या माणसाला मारणं ही सगळ्यात मोठी चूक.

आमचे थोरले मालक गेले आणि गल्ल्यावर त्यांचा पोरगा शिवराज बसला. ह्या शिवराजला मी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलेली. त्या सालांत आमच्याकडची निम्मी पोरं पुण्याला, हैद्राबादला निघाली होती. कुणी गवंडी झालं, कुणी वॉचमन, कुणी साहेब. शिवराज गेला नाही. त्यानं हैद्राबादच इकडं आणायचं ठरवलं. एक दिवस म्हणाला,

“अण्णा, कंप्युटर घ्यायलोय. आफसेटचं काम हैद्राबादेहून करून आणू. हे खिळे काढून टाकू.”

“काढून कुठं टाकू?”

“शिसं हाय की ते. भट्टीवाला वजनावर नेतो. बोलणं झालंय.”

“आन मी?”

“तुमी कागद कापा. गिऱ्हाइकाला चहापानी बघा. तुमाला कोण काढायलाय?”

कागद कापा म्हणे. हुमनाबादला तेव्हा एक कंप्युटरवाला बसला होता. त्याची करामत सगळ्या तालुक्याला ठाऊक. मागच्या गिऱ्हाइकाचं कार्ड पुसून त्यावरच नवं लिहायचा. एका कार्डात नवरा ह्या घरचा राहिला आणि नवरी मागच्या गिऱ्हाइकाची. दोन घरांत वर्षभर बोलणं बंद. खिळ्यात असं होत नाही. खिळा म्हणजे एक-एक अक्षर हातानं उचललेलं, उचलताना त्याचं वजन कळतं. हे मी शिवराजला सांगितलं. तो म्हणाला, वजन म्हणूनच विकायलोय.

त्याच आठवड्यात विरूपाक्ष सर छापखान्यात आले. सर म्हणजे कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. तरुणपणी वर्षभर विलायतेला शिकून आलेले, त्यामुळं उन्हाळ्यातही कोट. मुलगा तिकडंच नोकरीला. त्यानं व्हीसीआर आणि तीन कॅसेटी पाठवल्या होत्या. सरांची बोली कन्नड, पण गिऱ्हाइक बघून मराठी बोलायचे. खिशातून इंग्रजीत लिहिलेला कागद काढून माझ्यापुढं धरला. अर्थ मला कळत नसला तरी इंग्रजी अक्षरं मी सहज जुळवतो. पहिल्या ओळीतले दोन शब्द ठीक. तिसरा शब्द वाचला आणि माझा हात थांबला. कंपोझर्स.

“सर, हे काय हाय?”

“सिनेमे. टीव्हीसाठी काढलेले, जुने, काळेपांढरे. थोर इंग्लिश कंपोझर्सवर एकेक सिनेमा. मी तिकडं असताना घरमालकिणीच्या टीव्हीवर बघितलो होतो. तीस वर्षांनी पुन्हा बघतोय. गावालाही दाखवावं म्हणतो. तीन रविवार, शाळेच्या हॉलमदी.”

“कंपोझरवर सिनेमा?” माझा विश्वास बसेना. “खरंच काढतेत?”

“का काढू नये? राजांवर काढतेत, मग ह्यांच्यावर का नाही? माणिक, तुला काय सांगू. दिवसदिवस वाकून बसायचे. कुणाची पाठ गेली, कुणाचे डोळे गेले. उपाशी राहिले, पण एक खूण इकडची तिकडं होऊ दिली नाहीत. एक खूण चुकली तर सगळं नासलं!”

“अगदी बरोबर बोललाव सर,” म्या म्हणलं. सव्वीस वर्षांत माझ्या पाठीबद्दल बोलणारा हा पहिला शिकलेला माणूस.

सरांनी निमंत्रणाचं कार्ड फक्त इंग्रजीत मागितलं होतं. म्या म्हणलं, इंग्रजी कोण वाचणार सर इथं? कन्नड खिळे तेव्हा दुसऱ्या एका कामात बांधून पडले होते, नाहीतर कन्नडही केलं असतं. सर म्हणाले, “मग मराठी तू घाल. तुझी भाषा हाय, तुला कळतं काय लिवायचं.”

मला कळतंच. कंपोझर म्हटलं तर गावंढळ वाटेल, म्हणून ग्रंथातला शब्द घेतला. सगळ्यात मोठा टाइप काढला आणि जुळवलं, ‘थोर इंग्रज खिळेजुळारी यांच्या जीवनावरील चित्रपट’. प्रूफ घेऊन सरांच्या घरी गेलो. इंग्रजी बाजू त्यांनी दोनदा वाचली. मराठीवर बोट फिरवत म्हणाले, “खि-ळे-जु-ळा-री. वा! शब्द मोठा दिसतो. ग्रंथातला काय?”

म्या म्हणलं, “सर, ग्रंथ त्यांच्याच हातचे असतेत.”

सर हसले, मी हसलो. दोघंही वेगवेगळ्या गोष्टीला हसलो हे कळायला रविवार उजाडावा लागला.

कार्ड घेऊन मी शिवराजसमोर उभा राहिलो. म्हणलं, “बघ. इंग्लंडात आमच्या माणसांवर पिक्चर काढतेत, आन तू आमाला भट्टीत घालायलास.”

शिवराजनं कार्ड उलटसुलट केलं. पोरगं शिकलेलं, गुलबर्ग्याला कॉलेजात गेलेलं, पण तिथं त्यानं कँटीनच जास्त बघितलेलं. “खरंच काय?” म्हणाला. मग हसून म्हणाला, “बरं अण्णा, पैज. पिक्चरमदी कंपोझर दिसला, तर खिळ्यांना वर्षभर हात लावत न्हाई. न्हाई दिसला, तर पुना रडायचं न्हाई.”

“दिला शब्द?”

“दिला.”

आता मला सांगा, कंपोझरवरच्या पिक्चरमदी कंपोझर दिसणार नाही तर काय हत्ती दिसणार? मी बिनघोर झालो. बिदर, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, पार उदगीरपर्यंत जिथं जिथं छापखाना होता तिथं कंडक्टरच्या हाती कार्ड धाडलं. ‘सर्व जुळारी बंधूंनी अगत्य येणे.’ ही ओळ माझ्या पदरची.

रविवारी सकाळी दहाला हॉल भरला. एकोणीस जुळारी, चार मशिनवाले. धुतलेली कापडं, पण बोटं काळीच, ती कशानं धुणार? भालकीचा भीमराव आला होता, माझ्याच वयाचा. आमच्या धंद्यात त्याच्यासारखा हात नाही आणि त्याच्यासारखी जीभही नाही. माझ्या एका बाजूला भीमराव, दुसऱ्या बाजूला शिवराज, मागं आमच्या छापखान्यातला मशिनवाला इस्माईल. पुढच्या खुर्च्यांवर सरांचे खास पाव्हणे होते चार. दोन रिटायर मास्तर, एक डॉक्टर आणि त्यांच्या बाई.

सर गर्दी बघून थक्क झाले. कोटाचं बटण लावत म्हणाले, “चिटगुप्प्यात एवढी आवड हाय, मला ठाऊक नव्हतं!” मग इंग्रजीत भाषण केलं. आम्हाला त्यातला एकच शब्द कळत होता. तो आला की आम्ही टाळ्या वाजवायचो. सरांचे डोळे भरून आले.

पिक्चर सुरू झालं. एक लंबूटांग्या साहेब, मिशा, हातात छडी, टेकडीवर हिंडायलाय. मागं बाजा वाजायलाय. साहेब ढगाकडं बघायलाय, ढग साहेबाकडं बघायलेत. नदी आली. साहेब नदीच्या काठानं निघाला. कुत्रं आलं. साहेब कुत्र्याकडं बघून थांबला. अर्धा तास गेला.

इस्माईल मागून कुजबुजला, “अण्णा, ये साब काम पे कब जाता जी?”

“आइतवार असंल त्याचा,” म्या म्हणलं.

“सारा पिक्चर आइतवारमेंच निकालते क्या?”

मग साहेब घरी आला. टेबलावर बसला. कागद काढला. कागदावर पाच-पाच रेघा, आणि त्या रेघांवर साहेब काळे ठिपके मांडायला लागला. एकेक, जपून, शेपटी असलेले, नसलेले. हॉलमध्ये खुर्च्या सरकल्या.

“जुळवायलाय!” उदगीरचा एकजण ओरडला.

“पाच ओळीची स्टिक हाय,” भीमराव म्हणाला. “आपुन एक ओळ धरताव, ती इंग्रज जात, पाच धरत्यात. म्हनून राज्य केलं.”

मी शिवराजकडं बघितलं. तो गालात हसत होता. मग साहेब उठला आणि एका भल्यामोठ्या पेटीपुढं बसून पांढऱ्या पट्ट्या दाबायला लागला, आणि पेटी वाजली.

इस्माईल म्हणाला, “ये तो बाजे की पेटी है.”

“गप बस,” भीमराव म्हणाला. “हैद्राबादला पेपराच्या छापखान्यात असलं मशीन हाय. बटनं दाबली की ओळ पडती.”

“ओळ पडी तो दिखती ना? ये तो गाना पड़ रहा.”

खोटं कशाला सांगू, पेटी वाजली तेव्हाच मला कळलं होतं. हे बाजेवाले. गाण्याची चाल बांधणारे. सरांच्या इंग्रजीत कंपोझर म्हणजे तो. ज्या शब्दावर मी सव्वीस वर्षं जेवलो तो शब्द माझा नव्हताच, कुठल्या तरी ढगाकडं बघणाऱ्याचा होता. पण शेजारी शिवराज बसला होता. मी मान हलवली आणि मोठ्यानं म्हणलं, “विलायती पद्धत वेगळी असती.”

अजून तासभर साहेब हिंडला. बायको मेली तेव्हा हिंडला, लढाई लागली तेव्हा हिंडला. आमच्यात बाई मेली तर माणूस तिसऱ्या दिवशी कामावर जातो, हा ढगाकडंच. बाजा मात्र एका ठिकाणी असा वाजला की निर्ण्याचा माळ आठवला, संध्याकाळी कळप उतरतानाचा. तेवढं मी त्या साहेबाला माफ केलं.

आणि मग ते झालं. साहेबाची छडी, साहेबाचे बूट, साहेब एक दार ढकलून आत गेला. आत केसेस! तिरप्या ठेवलेल्या, ओळीनं. एक माणूस पाठमोरा, कमरेला फडकं, किंचित वाकलेला. डावा अंगठा स्टिकमध्ये, उजवा हात केसवर, न बघता बरोबर खणात. पुढं जाहिरातीचा मोठा फर्मा बांधलेला. साहेब त्यावर छडी आपटून काहीतरी खेकसला. साहेबाच्या नावात एक अक्षर चुकलं असावं. त्या माणसानं मान वर केली नाही. चिमट्यानं खिळा उपटला, दुसरा बसवला, ओळ दाबली. साहेब बाहेर. पुन्हा ढग.

दहा सेकंद असतील. हॉल उभा राहिला होता. शिट्ट्या. इस्माईल, “क्या हाथ है, माशाल्ला!” भीमरावानं डोळे पुसले, मग कुणी बघितलं का ते बघितलं.

मी शिवराजला कोपर मारलं. “दिसला का?”

“कोण दिसला? कुणाची तरी पाठ दिसली.”

“सर! परत लावा!”

सर गोंधळले. “कोणता भाग? ती नदी?”

“नदी मरू द्या सर. तो माणूस.”

“कोणता माणूस?”

तीस वर्षांपूर्वी बघितलेलं पिक्चर, मुलानं पाठवल्यावर घरी पुन्हा चार वेळा बघितलेलं, आणि सरांना तो माणूस आठवेना. त्यांनी कॅसेट मागं घेतली. पुन्हा दार, पुन्हा पाठ, पुन्हा चिमटा. शिवराज म्हणाला, तोंड कुठाय? म्या म्हणलं, हाताकडं बघ, तोंडानं खिळे जुळवतेत व्हय? “सर, अजून एकदा!” तिसऱ्यांदा. बसवकल्याणचे दोघं पुढं जाऊन टीव्हीला नाक लावून बसले, कोणतं अक्षर बदललं ते वाचायला. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची मागं ओढली. “अजून एकदा सर, हळू चालवा!” चौथ्यांदा व्हीसीआरनं खर्रर्र केलं, पडद्यावर आडव्या रेघा आल्या, आणि मशीन थांबलं.

सरांनी झाकण उघडलं. आतून काळी फीत निघाली, चुरगळलेली, हातभर, दोन हात, मेंढराच्या आतड्यासारखी. सर ती फीत तळहातावर घेऊन खाली बसले. कोटासकट, फरशीवर.

मला तेव्हा गप्प बसायला पाहिजे होतं. पण माझ्या खिळ्यांचं एक वर्ष जाणार होतं, आणि मी जन्माचा हट्टी.

“सर, एवढंच सांगा. पिक्चरमदी कंपोझर दिसला का न्हाई? तुमी सांगताल ते खरं. ह्या शिवराजला सांगा.”

सरांनी मान वर केली. “कंपोझर? दोन तास तोच तर दिसतोय. संगीत रचणारा.”

“त्यो न्हाई. छापखान्यातला.”

“तो?” सरांचा आवाज चढला. मी त्यांना कधी चढलेलं बघितलं नव्हतं. “तो कंपोझर कसा होईल? तो फक्त छापणारा. त्याचं काय? माझी फीत गेली, तू त्याचं घेऊन बसलायस!” मग डॉक्टरांनी त्यांच्या हातात कार्ड दिलं आणि खिळेजुळारीचा अर्थ कानात सांगितला. सरांनी कार्ड वाचलं, आमच्याकडं बघितलं, एकोणीस जणांच्या बोटांकडं बघितलं. “माणिक,” हळू म्हणाले, “तू माझ्या कार्डात चूक केलास.”

“सर, शब्द तुमी दिलाव. मी जुळवला.” अजूनही मी हेच म्हणतो. चूक असेल तर शब्दाची आहे, हाताची नाही.

भीमराव उठला. “सर, रागाला येऊ नका. एक इचारतो. त्या साहेबानं डोस्क्यात बाजा केला, बराय. त्यो डोस्क्यातून भाईर कसा आला? त्या पाठमोऱ्यानं जाहिरात छापली तवा लोक ऐकायला आले का न्हाई? आन त्याचं नाव पिक्चरमदी हाय का कुठं?”

सर म्हणाले, “नाही.”

“कामून न्हाई?”

सर फीत गुंडाळत राहिले. बोट फिरवून फिरवून, एक पीळ सुटेना. पुढचे दोन रविवार झालेच नाहीत. सर पुन्हा आमच्या छापखान्यात आले नाहीत, रस्त्यात दिसले तर नमस्कार घ्यायचे, पण थांबायचे नाहीत. बाकी कशाचं वाईट वाटत नाही मला, त्या कॅसेटीचं वाटतं. एक म्हातारा तीस वर्षं जे पुन्हा बघायची वाट बघत होता, ते आम्ही दहा सेकंदांसाठी फाडलं.

शिवराज दारात थांबला होता. “ऐकलाव न्हवं अण्णा? फक्त छापणारा. सरच म्हणाले.” चप्पल घालत म्हणाला, “बेस्तवारी भट्टीवाला येतोय. पैज ती पैज.”

पैज ती पैज. मी रडलो नाही. घरी जाऊन बायकोला सांगितलं, पिक्चर चांगलं होतं, आपल्या माणसाला चांगलं काम दिलंय.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, रोजच्या वेळेच्या आधी जाऊन छापखाना उघडला. मंठाळच्या एका शेतकऱ्याच्या मुलीच्या लग्नाचं कार्ड शनिवारपासून बांधून ठेवलं होतं, तो आठ वाजता न्यायला येणार होता. फर्म्याची दोरी सोडली. खालच्या बाजूला छापखान्याच्या नावाच्या वर एका ओळीची जागा केली. केसपुढं उभा राहिलो आणि एकेक खिळा उचलला. माझं नाव मी आयुष्यात कधी जुळवलं नव्हतं, म कुठं ठेवलाय हे हाताला ठाऊक, पण ह्या नावासाठी तो हात कधी गेला नव्हता. ‘कंपोझर : माणिक रामा मेत्रे.’ इस्माईल आला, फर्मा मशिनवर चढवताना त्यानं उलटं वाचलं आणि पायडल मारायला लागला. प्रूफ कुणाला दाखवलं नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच.

मंठाळचा माणूस आला तेव्हा सगळी कार्डं छापून वाळत होती. त्यानं एक उचललं आणि बोट ठेवून वाचत खाली आला. देव, नवरा, नवरी, मुहूर्त, मामा, काका, आत्या. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

“हे माणिक रामा मेत्रे कोण? सोयऱ्यांकडलं हाय का?”

“न्हाई. मी हाय.”

“तुमी?” त्यानं माझ्या काळ्या बोटांकडं बघितलं, मग कार्डाकडं. “मंग लग्नात तुमी आमचे कोण?”

म्या म्हणलं, “कार्डात नाव आलं की पाव्हणा. पंगत कितीला हाय?”